आठ लाखांचं लग्न बारा लाखांवर का जातं?

पत्र

काकू, माझं लग्न येत्या फेब्रुवारीत आमच्या गावी, सांगलीला आहे. मी पुण्यात नोकरी करते. आई-बाबांनी आणि मी मिळून ९ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. आम्ही खर्चाचा अंदाज काढला तो असा: कार्यालय १,२५,०००, चारशे माणसांचं जेवण १,२०,०००, सोनं ३ लाख, कपडे १ लाख, फोटो-व्हिडिओ ७०,०००, सजावट ६०,०००, पत्रिका-गुरुजी-किरकोळ २५,०००. एकूण आठ लाख, वर एक लाख हाताशी. पण माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात सहाचे नऊ झाले आणि काका अजून पतसंस्थेचे हप्ते भरताहेत. सासर नाशिकचं आहे. माणसं चांगली आहेत. ‘आमची काही मागणी नाही, फक्त आमच्या पाहुण्यांची सोय नीट करा,’ एवढंच म्हणाले. बाबा म्हणतात, कमी पडलं तर धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली एफडी मोडू. मला ते नको आहे. खर्च कुठे कुठे लपलेला असतो, सांगाल का?

एक वाचक, सांगली

उत्तर

प्रिय मुली,

एफडी मोडायची नाही, हे आधी ठरवू आणि मग बाकीचं बोलू. कारण ‘लागलंच तर ती आहे’ असं घरात एकदा म्हटलं गेलं की ती लागतेच. प्रत्येक जण मनातल्या मनात ते पैसे लग्नाच्या खात्यात धरून चालतो.

तुझ्या यादीतल्या सातही गोष्टी बाहेरच्या कुणीतरी दर सांगितलेल्या आहेत. कार्यालयवाल्याने भाडं सांगितलं, केटररने ताटाचा भाव सांगितला, सोनाराने आकडा दिला. ज्याचा दर कुणी सांगत नाही, ते तुझ्या कागदावर नाहीच. तुझ्या चुलत बहिणीकडे सहाचे नऊ झाले तेही बहुधा असेच. त्यात बहुतेक खर्च उधळपट्टीचा नसतो. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना न विचारता गृहीत धरलेला असतो.

जेवणापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी फट तिथे आहे. चारशे ताटं आणि ३०० रुपये दर, म्हणजे १,२०,०००. हे झालं फक्त लग्नाच्या दुपारचं जेवण. नाशिक ते सांगली हे अंतर बघता वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच येणार. सीमांतपूजनानंतर दोन्हीकडची मिळून नव्वद माणसं जेवतील, साधं जेवण २५० रुपयांनी धरलं तरी २२,५००. तुमच्याकडच्या हळदीला भाऊबंद, शेजारीपाजारी मिळून सव्वाशेच्या घरात पान उठेल. १२० ताटं, २०० रुपये दर, २४,०००. लग्नाच्या सकाळचा चहा-नाश्ता दीडशे माणसांचा, नव्वद रुपयांनी १३,५००. आणि फोटोवाले, बँडवाले, सजावटीची मुलं, बसचे आणि गाड्यांचे ड्रायव्हर हेही जेवणारच, ती पस्तीस ताटं १०,५०० ची. बेरीज कर: मूळच्या रकमेवर ७०,५०० वाढले. केटररने पक्कं बिल दिलं तर त्यावर ५ टक्के जीएसटी. एक लाख वीस हजारांचे सरळ दोन लाख झाले, आणि यात एकही गोड पदार्थ वाढवलेला नाही. माझे दर अंदाजाचे आहेत, तू तुमच्या केटररचे घालून बघ.

केटररशी बोलताना हमीच्या ताटांवर नीट बोल. तू चारशेची हमी दिलीस आणि सव्वातीनशे माणसं आली तरी पैसे चारशेचेच द्यावे लागतात. म्हणून हमी ३५० ची द्यायची आणि वरच्या पन्नास ताटांची तयारी त्याच दराने ठेवायला सांगायची. ‘वरच्या ताटाला जादा दर’ हे वाक्य करारात असेल तर तिथेच खोडून घ्यायचं. पाण्याच्या बाटल्या दरात आहेत की वेगळ्या, हेही विचार. फेब्रुवारीच्या दुपारी चारशे माणसं अर्धी अर्धी बाटली पिऊन टाकून देतात आणि बिल बाटल्यांच्या खोक्यांवर होतं.

ताटं मोजायला घरचा माणूस हवा. बुफेत धुतलेली ताटं पुन्हा रांगेत येतात आणि संध्याकाळी ‘चारशे साठ झाली’ असं कानावर आलं की कुणापाशी उत्तर नसतं. ज्याला फोटोत यायची फार हौस नाही असा एखादा मावसभाऊ ताटांजवळ उभा कर. जेवण सुरू व्हायच्या आधी त्याने मांडलेली ताटं मोजायची, धुऊन आलेली वेगळ्या थप्पीत लावून घ्यायची, दर अर्ध्या तासाने वहीत आकडा लिहायचा आणि खाली केटररच्या मुकादमाची सही घ्यायची. चांगल्या केटररला याचा राग येत नाही, उलट त्याचीही कटकट वाचते. त्या मावसभावाला मात्र आधी जेवू घाला.

आता कार्यालय. सव्वा लाख हे भाडं आहे की सगळं धरून, हे तू लिहिलेलं नाहीस. नुसत्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २२,५०० झाले. वीज युनिटप्रमाणे, जनरेटरचं डिझेल वेगळं, साफसफाई वेगळी, गाद्या-उशा नगावर. बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणला तर बरीच कार्यालयं त्याचेही पैसे लावतात. ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचं, हे पावतीवर लिहून घे, कारण सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी आहे आणि काही ठिकाणी ती संध्याकाळ वेगळ्या भाड्याची असते. ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा, सोडताना पुन्हा काढायचा. डिपॉझिट परत मिळतं, पण ते लग्नाच्या आठवड्यात अडकून पडतं, तेव्हा हातातल्या पैशांत ते धरू नकोस. आणि एक अगदी घरगुती गोष्ट: पहाटे सहाला सत्तर माणसांना अंघोळीचं गरम पाणी कसं मिळणार आहे? गीझर किती आहेत, बंब आहे का, सिलिंडर कुणी आणायचा? ‘पाहुण्यांची सोय’ याच ठिकाणी बिघडते आणि वर्षानुवर्षं बोललं जातं.

गाण्यांच्या परवान्यापोटी कुणी पैसे मागितले, तर लगेच देऊन टाकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर समारंभ धरलेले आहेत. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं आहे. हळदीचा डीजे ठरवत असाल तर उघड्यावरचा आवाज रात्री १० ला बंद करावा लागतो, मग बारापर्यंतचे पैसे कशाला मोजायचे?

सोन्याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. तीन लाखांचं सोनं असं तू लिहितेस ते सोन्याच्या वजनाच्या भावाने असेल, तर त्यावर मजुरी आहे. मजुरी १२ टक्के धरली तर ३६,०००, आणि सगळ्यावर ३ टक्के जीएसटी धरला तर आणखी १०,०८०. म्हणजे तीनचे ३,४६,०८० झाले. खडे, मोती आणि काळे मणी यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन बिलावर लिहून घे, आणि हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक दागिन्यावर आहे का ते पाहा. आईचं जुनं सोनं मोडणार असाल तर घट किती धरली ते आधी विचारा. सोन्याचा भाव लग्नापर्यंत कुठे जाईल हे कुणाच्या हातात नाही, म्हणून सगळी खरेदी जानेवारीत एकदम न करता आतापासून थोडी थोडी करा.

आणि तुझ्या यादीत जावयाची अंगठी नाही. साखळीही नाही. मंगळसूत्र सासरकडून येतं, पण त्याची एक वाटी बऱ्याच घरांत माहेरची असते, तीही नाही. हे सगळं ‘मागणी नाही’ याच्या आतलं की बाहेरचं, हे कुणी बोललेलं नाही. खुशीने द्यायचं असेल तर द्या, पण दडपणाखाली देऊ नका. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा देणंही गुन्हा आहे. आणि लग्नात वधू-वरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची, असा १९८५ पासून नियम आहे. ती यादी जरूर कर, तुझ्या नावाने एक प्रत तुझ्याजवळ असू दे.

मानपान हा तर तुझ्या कागदावर अजिबात नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. कागद घेऊन बस आणि आईला विचार: आत्या किती, मावश्या किती, काकू, मामी, करवल्या, नाशिकच्या विहीणबाई, नणंद, जाऊ, आजेसासू. मग व्याही, मामा, काका यांचे टॉवेल-टोपी, पोशाख, फेटे. तीस साड्या दीड हजारांनी घेतल्या तरी ४५,००० होतात, त्यावर ओटीचे खण-नारळ, विहिणीची साडी थोडी भारीतली, असं करत साठ हजार कसे गेले ते कळत नाही. शिवाय आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं की अमक्याच्या धाकट्या जावेचं नाव राहिलं, मग रात्री नऊला दुकान उघडायला लावून मिळेल त्या भावाने साडी आणली जाते. घ्यायच्याच असतील तर चार-पाच साड्या जास्तीच्या, साध्या आणि कुणालाही चालतील अशा, आधीच आणून ठेवा. पण माझं मत विचारशील तर दोन्ही घरांनी मिळून ठरवा की आहेर घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत, फक्त विहीण-व्याही, आज्या आणि मामा यांचा मान करायचा. पत्रिकेवर एक ओळ छापली की काम झालं. तो मान मग मनापासून करता येतो. आणि आहेराच्या पाकिटांतून खर्च निघेल हा हिशोब मुळीच धरू नका. अशा पैशांच्या भरवशावर घेतलेलं हातउसनं फेडणं फार जड जातं.

बाकीचं भराभर सांगते. कपड्यांच्या एक लाखात ब्लाउजची शिलाई, आरी वर्क, फॉल-पिको, चपला आणि मेकअप धरला आहेस का? मेकअपवाली प्रत्येक वेळचे वेगळे पैसे घेते: हळद, सीमांत, लग्न. घरातल्या बायकांच्या साड्या नेसवणं आणि केस हे माणशी वेगळं. शिलाई-मेकअपचे तीस हजार निघतीलच. फोटोवाल्याला अल्बमची पानं किती, नाशिकला दुसरा अल्बम लागेल का, सीमांताचे तास धरलेत का, कर धरून आकडा किती, हे विचार. तिथे आणखी वीस हजार धर. गाड्यांचे चाळीस हजार धर, कारण त्यात फक्त किलोमीटर नसतात, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, रात्रीचा मुक्काम असतो. खासगी बसच्या दरासोबत एसटीच्या प्रासंगिक कराराचा दरही आगारात जाऊन विचारा. रुखवताचा टेम्पोही यातच आला. बक्षिसीचे दहा हजार पन्नास आणि शंभरच्या सुट्या नोटांत आधीच काढून पाकिटं करून मामाकडे द्या. वाढपी, वाजंत्री, घोडीवाला, सफाईच्या बायका, वॉचमन, सगळे हक्काने मागतात आणि त्यांना द्यावंच. त्या दिवशी तुझ्या बाबांनी सुट्टे शोधत फिरू नये.

पैसे आहेत आणि ते देता येत नाहीत, अशीही वेळ येते. कार्यालय, केटरर, डेकोरेटर, सगळ्यांची उरलेली रक्कम त्याच दोन दिवसांत द्यायची असते आणि यूपीआयने दिवसाला साधारण लाखभरच जातात. म्हणून चेक किंवा बँकेतून ट्रान्सफर कुणाला कधी, हे आधी ठरवून ठेवा. केटरर ‘सगळं रोखीत द्या’ म्हणाला तरी एका कार्यासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, हे त्याला सांगा. विसार देताना पावतीवर लिहून घ्या की तारीख बदलली तर काय होईल.

लग्न झाल्यावरचाही खर्च असतो. मांडवपरतणी, पाचपरतावन, मग पहिली मंगळागौर, पहिली संक्रांत, दिवाळसण, आणि अधिकमास आला तर जावयाचं वाण. हे पहिल्या वर्षाचे सण म्हणजे पन्नास हजारांच्या आत बसवायचे म्हटले तरी ते आत्ताच वेगळे काढावे लागतात. लग्नाचं बजेट वरात निघाली की संपलं असं धरणारे दिवाळीत पुन्हा हात पसरतात. विवाहनोंदणी तेवढी स्वस्त आहे. पहिल्या ९० दिवसांत केली तर शुल्क अगदी किरकोळ लागतं, तेव्हा ती लांबवू नका.

आता सगळं मांड. जेवणाचे वाढीव ८० हजार, सोन्याचे ४६, कार्यालयाचे कर-वीज-डिझेल-जादा तास मिळून ४२, मानपान ६०, शिलाई-मेकअप ३०, गाड्या ४०, फोटो २०, बक्षिसी १०, पहिल्या वर्षाचे सण ५०. पावणेचार लाखांच्या वर. आठचे जवळजवळ बारा झाले. तुमच्याकडे नऊ आहेत. जो फरक उरतो तो तुझ्या भावाच्या एफडीतून जाणार, हे बाबांना बहुतेक आतून माहीत आहे.

म्हणून आता कात्री लावू, आणि ती लग्नानंतर आठवणार नाही अशा ठिकाणी लावू. सोनं तीनऐवजी दोन लाखांचं घे. मजुरी-कर धरून १,१५,००० च्या वर वाचतात. उरलेलं तू स्वतःच्या पगारातून पुढे सावकाश घेशील, ते तुझंच असेल. माणसं चारशेची अडीचशे कर, कर धरून ४७,००० वाचले. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. बाबांना ‘अमक्याला बोलावलं नाही’ हे ऐकून घ्यावं लागेल. पण ज्यांच्याशी पाच वर्षांत फोनवरही बोलणं झालेलं नाही त्यांच्यासाठी मुलाची फी द्यायची का, असं त्यांना शांतपणे विचार. सजावट ३५,००० त बसव, स्टेजच्या मागची फुलं दुपारी तीनला काढून टाकतात. मानपान वर सांगितल्यासारखा आटोपला तर चाळीस हजार वाचतात. इथवर सव्वादोन लाखांच्या पुढे गेलीस.

उरलेलं नाशिककडून यायला हवं, आणि ते मागायला संकोच करू नकोस. पूर्वी लग्न ठरताना दोन्हीकडचे वडीलधारे बसून याद्या करायचे, कोणता खर्च कुणाचा हे लिहून सह्या व्हायच्या. त्या याद्यांत मुलीच्या बापावर फार अन्याय झाला, हे खरं. पण कागदावर लिहिण्याची ती पद्धत उपयोगाची होती. ती आज दोन्ही घरं बरोबरीने बसून वापरू शकतात. आधी होणाऱ्या नवऱ्याशी बोल, एकटीच. त्याला हा सगळा हिशोब दाखव, एफडीचंही सांग. मग त्याला हे प्रश्न त्याच्या आई-वडिलांना विचारायला लाव: वऱ्हाडात नक्की किती माणसं येणार? किती वाजता पोचणार? किती वेळा जेवणार, किती जण मुक्कामाला? बस कुणाची? सीमांतपूजनाच्या रात्रीचा खर्च निम्मा निम्मा करायचा का? वऱ्हाडाची बस त्यांनी करावी आणि आदल्या रात्रीचं जेवण-मुक्काम अर्धं उचलावं, हे मागणं अगदी रास्त आहे. तुम्ही दोघंही कमावता, लग्न दोघांचं आहे.

यावर त्याने ‘बघू, आई-बाबांना वाईट वाटेल’ म्हणून विषय टाळला, तर तो पुन्हा काढ, दुसऱ्यांदाही काढ. चांगली माणसं आहेत असं तू लिहिलंस. चांगल्या माणसांना आकडे दाखवले तर ती समजून घेतात, बऱ्याचदा त्यांनाही कुणी विचारलेलंच नसतं. आणि त्याच्या तोंडून हा प्रश्न त्याच्या घरी निघतो की नाही, हे तुला लग्नाआधी कळलेलं बरं.

हे सगळं दिवाळीच्या आत कर. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची गर्दी सुरू होते, मग केटरर आणि कार्यालयवाले घासाघीस करायला बसत नाहीत. नाशिकची मंडळी काय म्हणाली ते मला कळव. काही अडलं तर बाबांना घेऊन पुन्हा लिही, त्यांच्याशी मी बोलेन.

तुझी,
काकू